सोशल अँग्झायटी : सुरुवातीचा उत्साह ओसरल्यावर सराव कसा टिकवावा?

मितभाषी

सोशल अँग्झायटीवर, म्हणजे चारचौघांत वावरताना किंवा बोलताना वाटणाऱ्या तीव्र भीतीवर, मात करण्याची सुरुवात कशी करावी, यावर पुष्कळ लेखन उपलब्ध आहे. भीती वाटणाऱ्या प्रसंगांची यादी करावी, त्यांतल्या सोप्यापासून आरंभ करावा आणि हळूहळू अवघडाकडे सरकावे, हे बहुतेकांना ठाऊक असते आणि पहिले काही आठवडे ते पाळलेही जाते. मला चर्चा हवी आहे ती त्यानंतरच्या काळाविषयी. नव्याची नवलाई संपलेली असते, भीती मात्र पुरती गेलेली नसते, आणि अशाच एखाद्या दिवशी ठरवलेला फोन आपण उद्यावर ढकलतो. पुढे तो उद्या काही उगवत नाही. हे आळसामुळे होते असे मला वाटत नाही. इच्छाशक्ती कमी पडली, हे उत्तरही पटत नाही, कारण हीच माणसे इतर कामांत चिकाटीने वागताना दिसतात.

माझ्या मते खरी अडचण सुखाच्या वेळापत्रकात आहे. एखाद्या समारंभाला जायचे नाही असे ठरवताच त्याच क्षणी हायसे वाटते, आणि सुटकेची ही भावना मनासाठी बक्षिसासारखी असते. त्या समारंभाला गेल्याचा लाभ मात्र कित्येक आठवड्यांनी, तोही थोडाथोडा जाणवतो. ओ. हॉबर्ट मॉरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४७ मध्ये मांडलेल्या सिद्धांताचे सार हेच आहे, की भीती जडते एका कारणाने आणि टिकून राहते ती टाळाटाळीनंतर मिळणाऱ्या सुटकेमुळे. म्हणजे दर वेळी आपण रोख मिळणारे सुख सोडून उधारीवरचे सुख निवडायचे असते. महिनोन्‌महिने असे करत राहण्यासाठी नुसता उत्साह कसा पुरणार? जे या टप्प्यातून गेले आहेत किंवा इतरांना त्यातून नेतात, त्यांनी नेमके काय केल्याने सराव टिकतो ते सांगावे. ‘सकारात्मक राहा’ या स्वरूपाचा सल्ला कृपया देऊ नये.

दुसरी_बाजू

वेळापत्रकाचा मुद्दा योग्य आहे, परंतु मोजमापाचा मुद्दा त्याहून महत्त्वाचा आहे असे मला वाटते. सराव करणारा बहुतेक प्रत्येक जण घरी परतल्यावर स्वतःला एकच प्रश्न विचारतो : ‘या वेळी भीती कमी वाटली का?’ उत्तर ‘नाही’ आले, की सगळा खटाटोप वाया गेल्यासारखे वाटते. भीती ही झोप, प्रकृती, समोरची माणसे अशा अनेक गोष्टींवर हेलकावे खाणारी भावना आहे, त्यामुळे तिला प्रगतीची मोजपट्टी केल्यास महिन्यातले निम्मे दिवस निराशेचे जाणार हे ठरलेलेच आहे.

मिशेल क्रॅस्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एक्सपोजर पद्धतीविषयी, म्हणजे भीतीच्या प्रसंगांना ठरवून सामोरे जाण्याच्या उपचारपद्धतीविषयी, जी मांडणी केली, तिचा रोख इथेच आहे. त्यांच्या मते सरावादरम्यान भीती ओसरली की नाही, यावर पुढची सुधारणा अवलंबून नसते. आपण मनात धरलेले भाकीत आणि प्रत्यक्षात घडलेली गोष्ट यांत किती अंतर पडले, यातून मन शिकते. जुनी भीती पुसली जात नाही, तिच्या शेजारी एक नवे ज्ञान तयार होते आणि सरावाने ते अधिक सहज आठवू लागते.

म्हणून मी वहीत प्रसंगाआधी एक वाक्य लिहितो. ‘खूप घाबरेन’ असे लिहून उपयोग नाही, कारण ते नेहमीच खरे ठरते. बाहेरच्या माणसाला तपासता येईल असे भाकीत हवे : ‘मी प्रश्न विचारला की दोघे-तिघे एकमेकांकडे पाहून हसतील’, ‘माझे वाक्य अर्धवट तुटेल आणि कोणीही उत्तर देणार नाही’. परतल्यावर त्याच्यासमोर काय घडले ते लिहायचे. घाम फुटला, आवाज कापला, तरी भाकीत खोटे ठरले असेल तर तो दिवस जमेचा. ही वही चाळताना जो हुरूप येतो, तो कोणत्याही प्रेरणादायी भाषणाने मला कधी आलेला नाही.

उंबरठा

वहीचा उपाय मी करून पाहीन, परंतु माझी तक्रार थोडी वेगळी आहे. कामाच्या ठिकाणच्या साप्ताहिक बैठका मी टाळत नाही, ओळखीच्यांकडचे कार्यक्रमही चुकवत नाही. प्रसंगांना सामोरे गेल्याने भीती जाते म्हणतात, तर मग वर्षानुवर्षे हे सर्व करूनही प्रत्येक बैठकीपूर्वी घसा पहिल्या दिवसासारखाच कोरडा का पडतो? अशा स्थितीत ‘सराव चालू ठेवा’ असे कोणी सांगितले, तर कोणत्या भरवशावर ठेवायचा हे मला कळत नाही.

सहप्रवासी

मी समुपदेशनाच्या क्षेत्रात काम करते. उंबरठा यांना उत्तर देण्यापूर्वी एक प्रश्न विचारावासा वाटतो : बैठकीत बसल्यावर तुम्ही नेमके काय करता? कुठे बसता, कोणाकडे पाहता, बोलण्यापूर्वी वाक्याची मनात किती वेळा उजळणी करता, आणि बोलून झाल्यावर तुमचे लक्ष कुठे असते?

उंबरठा

दाराजवळची खुर्ची घेतो. समोर कागद ठेवून काहीतरी लिहीत राहतो, म्हणजे कोणाच्या नजरेला नजर द्यावी लागत नाही. बोलायचे असेल तर वाक्य आधी मनात पक्के करतो आणि ते पक्के होईपर्यंत बहुधा विषय पुढे गेलेला असतो. बोललोच, तर हात टेबलाखाली घट्ट धरतो आणि आपला आवाज कसा येत आहे तेच ऐकत राहतो. ते लोकांना जाणवू नये यासाठी आणखी वेगळे कष्ट.

सहप्रवासी

आपण फार नेमके वर्णन केलेत, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५ मध्ये सोशल अँग्झायटीचे जे प्रारूप मांडले, त्यात या गोष्टींना सुरक्षा-वर्तन म्हटले आहे. दाराजवळ बसणे, उजळणी करणे, हात लपवणे ही सर्व त्याचीच रूपे आहेत. बैठक सुरळीत पार पडते, पण श्रेय या उपायांना जाते. ‘हात लपवले म्हणून वाचलो’ असा निष्कर्ष मन काढते आणि मूळ समजूत तशीच शाबूत राहते. शरीराने आपण बैठकीत असता, भीतीच्या दृष्टीने मात्र अजून दाराबाहेरच असता. म्हणूनच वर्षे उलटूनही फरक पडत नाही, आणि फरक न पडण्याइतके उमेद खचवणारे दुसरे काही नाही. वेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी केलेल्या एका छोट्या अभ्यासात असे आढळले होते, की प्रसंगाला नुसते सामोरे जाण्यापेक्षा सुरक्षा-वर्तन सोडून सामोरे गेल्यास भीती आणि भीतीमागची समजूत ही दोन्ही अधिक कमी होतात.

दुसरी गोष्ट लक्षाची. या त्रासात माणूस स्वतःला बाहेरून पाहू लागतो. आतून जसे थरथरल्यासारखे वाटते, तसेच लोकांना दिसत असणार असे तो धरून चालतो. केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी २००३ मध्ये भाषण करणाऱ्यांवर प्रयोग केले. वक्त्याला आपली घबराट जितकी उघड दिसत असेल असे वाटत होते, तितकी ती श्रोत्यांना दिसत नव्हती. मला त्यातला पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो : आतली घबराट बाहेर फारशी दिसत नाही, एवढे आधी सांगून ठेवलेल्या वक्त्यांची भाषणे अधिक चांगली झाली. उपचारांत यासाठी चित्रफितीचाही वापर करतात. बोलताना स्वतःचे चित्रण करावे, पाहण्यापूर्वी आपण कसे दिसू याचे तपशीलवार भाकीत लिहावे आणि मग ती चित्रफीत अनोळखी माणसाची असल्याप्रमाणे पाहावी.

तेव्हा बैठकांची संख्या वाढवण्याची आपल्याला गरज नाही. पुढच्या बैठकीत एकच सुरक्षा-वर्तन सोडून पाहावे. माझी शिफारस उजळणी सोडण्याची राहील, कारण तीच बोलण्याची संधी हिरावून घेते. वाक्य थोडे वेडेवाकडे येईल, तसे ते येऊ द्यावे, आणि लक्ष स्वतःच्या आवाजावरून काढून समोरची व्यक्ती काय म्हणत आहे याकडे वळवावे.

कडेकडेने

सर्वांचे प्रतिसाद वाचले. माझा आक्षेप मुळावर आहे. मला गर्दी आवडत नाही, मोजकी माणसे पुरतात, आणि अबोल असणे हा दोष आहे असे मी मानत नाही. हल्ली स्वभावालाही आजार ठरवून लोकांना सुधारणेच्या मागे लावले जाते. प्रेरणा टिकत नाही याचे कारण कदाचित हेही असेल, की त्या माणसाला मुळात बदलायचेच नाही.

दुसरी_बाजू

अबोल स्वभाव आणि सोशल अँग्झायटी यांत गल्लत होऊ नये, याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. परंतु हा त्रास हल्लीचा शोध आहे, हे विधान टिकणारे नाही. पिएर जाने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १९०३ मध्येच सामाजिक प्रसंगांच्या भीतीचे वर्णन केले होते. १९६६ मध्ये आयझॅक मार्क्स आणि मायकेल गेल्डर यांनी ती इतर भीतींपासून वेगळी करून दाखवली. १९८० मध्ये अमेरिकेच्या निदानपुस्तिकेत तिला स्वतंत्र स्थान मिळाले. एकटे राहण्यात आनंद आहे म्हणून घरी थांबणारा आणि जाण्याची इच्छा असून भीतीपोटी घरी थांबणारा, हे दोघे बाहेरून सारखेच दिसतात. पहिल्याला उपचारांची गरज नाही. दुसऱ्याला त्याचे घरी थांबणे रात्रभर खात असते.

मितभाषी

कडेकडेने यांच्या शेवटच्या वाक्यात मात्र मला तथ्य दिसते, आणि ते या धाग्याच्या मूळ प्रश्नाला भिडणारे आहे. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या स्वयंनिर्धारण सिद्धांतानुसार बाहेरून लादलेल्या किंवा अपराधीपणातून आलेल्या कारणापेक्षा स्वतःला मनापासून पटलेले कारण दीर्घकाळ पुरते. ‘चारचौघांत मिसळणारा माणूस व्हायचे आहे’ हे कारण बहुधा दुसऱ्यांनी दिलेले असते. ‘माझ्या संशोधनावर आक्षेप घेतला जाईल तेव्हा मला स्वतः उत्तर देता आले पाहिजे’, ‘माझ्या मुलीच्या शिक्षकांशी मला बोलता आले पाहिजे’, ही कारणे आपली असतात. सरावाच्या यादीतील प्रत्येक प्रसंगासमोर असे एखादे कारण लिहिता येते का ते पाहावे. ज्याच्यासमोर काहीच लिहिता येत नाही तो प्रसंग यादीतून खुशाल काढून टाकावा. अनोळखी माणसाला विनाकारण वेळ विचारणे यांसारखे सराव मला स्वतःला कधी टिकवता आले नाहीत. त्यांतून मला काहीच हवे नव्हते, हेच त्याचे कारण असावे.

सहप्रवासी

एक छोटी पुरवणी. निरर्थक वाटणाऱ्या सरावांनाही कधीकधी जागा असते. अल्बर्ट एलिस हे पुढे मानसोपचारांतील मोठे नाव झाले. त्यांनी सांगितलेली एक आठवण प्रसिद्ध आहे. एकोणीस वर्षांचे असताना स्त्रियांशी बोलण्याची भीती घालवण्यासाठी ते न्यू यॉर्कमधील वनस्पती उद्यानात महिनाभर जात राहिले आणि बाकावर बसलेल्या शंभरेक जणींशी त्यांनी संभाषण सुरू केले. त्यांतून एकच भेट ठरली आणि तीही व्यक्ती ठरल्या वेळी आलीच नाही. (अनोळखी स्त्रियांना असे गाठणे आज कोणाला सुचवू नये, हे वेगळे सांगायला नको.) फळाच्या हिशेबाने महिना फुकट गेला, पण नकार मिळूनही काही अघटित घडत नाही हे त्यांना समजले. ज्याला नकाराचीच भीती आहे, त्याने नकार हेच उद्दिष्ट ठेवले तर अपयश यायला जागाच उरत नाही.

रात्रपाळी

माझी उमेद प्रसंगाआधी किंवा प्रसंगात जात नाही, ती रात्री जाते. दिवसा एखाद्याशी चांगले दहा मिनिटे बोलणे झालेले असते. अंथरुणाला पाठ टेकताच त्यातील एकेक वाक्य तपासायला मन बसते, आणि पहाटेपर्यंत त्या साध्या संभाषणाची फजिती ठरलेली असते. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलायला जाण्याची इच्छा कोठून येणार?

सहप्रवासी

क्लार्क आणि वेल्स यांनी प्रसंगानंतरच्या या तपासणीला त्यांच्या प्रारूपात स्वतंत्र स्थान दिले आहे. मन इथे पुरावा गोळा करत नाही. प्रसंगात आपल्याला जसे वाटले, तसेच घडले असे मानून ते निकाल लिहिते. दर फेरीत तो निकाल अधिक कडक होतो, कारण आता मूळ संभाषणाऐवजी आदल्या फेरीची आठवण तपासली जात असते. येथे एरिका बूथबी, गस कूनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१८ मधील अभ्यास उपयोगी आहे. अनोळखी व्यक्तींशी गप्पा मारल्यानंतर, आपण समोरच्याला कितपत आवडलो याविषयी लोकांनी केलेला अंदाज प्रत्यक्षापेक्षा पद्धतशीरपणे कमी निघाला. आणि हे सर्वसामान्य लोकांत. सोशल अँग्झायटी असणाऱ्याने आपल्या रात्रीच्या अंदाजावर किती विसंबावे हे आपणच ठरवावे.

करण्यासारखे इतकेच की, जे काही लिहायचे ते प्रसंगानंतर लवकर, दिवसाउजेडी लिहावे : काय बोललो, समोरच्याने काय उत्तर दिले, संभाषण कोणी संपवले. केवळ दिसलेले आणि ऐकलेले. रात्री तपासणी सुरू झाली की तिच्याशी वाद घालत बसू नये, कारण वाद घालणे हीदेखील तपासणीच असते. नोंद झालेली आहे, एवढे म्हणून लक्ष दुसरीकडे न्यावे. हे पहिल्या रात्री जमत नाही.

काळजीवाहू

माझा पंधरा वर्षांचा मुलगा या त्रासातून जात आहे. त्याच्या वतीने फोन करणे, पाहुणे आले की त्याला खोलीत राहू देणे, शाळेत तोंडी सादरीकरणातून सूट मागणे, हे सर्व आम्ही प्रेमापोटी करत आलो. वरील चर्चा वाचून शंका येते, की त्याची सुटका आम्हीच रोख मोजून देत आहोत. पण ढकलले तर तो आणखी मिटून जातो. आई म्हणून मी काय करावे?

सहप्रवासी

ताई, आपली शंका रास्त आहे, परंतु तिच्यातून स्वतःला दोष देण्याचे कारण नाही. चिंतेने ग्रासलेल्या मुलांच्या बहुतेक घरांत हेच घडते. येल विद्यापीठातील एली लेबोविट्झ यांनी केवळ पालकांसोबत काम करण्याची एक पद्धत विकसित केली आहे, आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिचा परिणाम मुलांना थेट दिलेल्या उपचारांच्या तोडीचा आढळला. तिचे सूत्र असे की, मुलाला काही करायला भाग पाडू नये, बदल पालकांच्या वागण्यात करावा. आधी त्याला सांगावे की, ‘तुला हे खरोखर कठीण जाते हे आम्हांला कळते, आणि तू ते सोसू शकशील असा आमचा विश्वास आहे.’ या दोन्ही अर्ध्या भागांची गरज असते. पहिला वगळला तर उपदेश होतो, दुसरा वगळला तर कीव. त्यानंतर एकच सवलत, आधी सूचना देऊन, कमी करावी. उदाहरणार्थ, मित्राला करायचा फोन आता आपण करणार नाही. तो त्याने केला नाही तर रागावू नये आणि आपणही करू नये.

शाळेतील सादरीकरणाच्या सवलतीला शेवटी हात लावावा. ती अचानक काढून घेतल्याने बऱ्याचदा शाळाच सुटते.

दुसरी_बाजू

औषधांचा उल्लेख अजून आला नाही, तो करून ठेवतो. ब्रिटनमधील उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या नाइस या संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शिकेत प्रौढांसाठी पहिला पर्याय म्हणून सोशल अँग्झायटीसाठीच रचलेली वैयक्तिक सीबीटी (विचार आणि वर्तन यांवर काम करणारी मानसोपचार पद्धती) सुचवली आहे. क्लार्क-वेल्स पद्धतीत ती सुमारे चार महिन्यांत, दीड-दीड तासाच्या चौदापर्यंत सत्रांत होते. ज्यांना मानसोपचार नको आहेत त्यांच्यासाठी एस्सिटालोप्रॅम किंवा सर्ट्रालिन ही औषधे सांगितली आहेत. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि ती मनाने सुरू किंवा बंद करायची नसतात. मद्याने धीर येतो असे मानणाऱ्यांनी वर सुरक्षा-वर्तनाविषयी जे लिहिले आहे ते पुन्हा वाचावे.

सहप्रवासी

त्याला जोडून एक गोष्ट आवर्जून सांगते. केवळ सरावाचीच नव्हे, तर पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींचीही ओढ वाटेनाशी झाली, झोप आणि भूक बदलली, आणि हे दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकले, तर प्रश्न प्रेरणेचा राहिलेला नसतो. सोशल अँग्झायटीच्या जोडीने नैराश्य येणे अगदी सामान्य आहे. अशा वेळी स्वतःला शिस्त लावण्याच्या मागे न लागता मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. आणि जगणे नकोसे झाल्याचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबू नये, त्याच दिवशी मदत घ्यावी.

मितभाषी

अपेक्षेपेक्षा फार उपयुक्त चर्चा झाली. माझ्या बाजूने एका साधनाची भर घालतो. पीटर गोल्विट्झर यांनी ‘जर-तर’ योजनांवर बरेच संशोधन केले असून १९९९ मधील त्यांचा लेख त्यासाठी ओळखला जातो. ‘या आठवड्यात बैठकीत बोलेन’ हा संकल्प झाला. ‘अध्यक्षांनी पहिला विषय संपवला की मी लगेच एक प्रश्न विचारेन’ ही योजना झाली. दुसऱ्या प्रकारात त्या क्षणी निर्णय घ्यावा लागत नाही, आणि आमच्यासारख्यांची टाळाटाळ नेमकी निर्णयाच्या क्षणीच शिरते. दिवस, वेळ आणि पहिले वाक्य आदल्या दिवशी ठरलेले असेल, तर त्या दिवशी उत्साह आहे की नाही हे पाहण्याची फारशी गरज राहत नाही.

कडेकडेने

माझा आक्षेप अंशतः मागे घेतो. आता एक व्यावहारिक प्रश्न, आणि तो माझ्या स्वतःसाठी आहे. काही काळापूर्वी असा सराव मी केला होता, बरीच मजलही मारली होती, नंतर दीर्घ आजारपणात सर्व सुटले. आता पुन्हा सुरुवात करायची तर यादीतील पहिल्या पायरीपासून करावी, की जिथे सोडले होते तिथून?

सहप्रवासी

दोन्ही नको. जिथे सोडले होते त्याच्या एकदोन पायऱ्या खालचा प्रसंग निवडावा. खंड पडल्यावर भीती परत येणे हे अपेक्षितच असते. त्यावरून पूर्वीचे शिकणे पुसले गेले असा अर्थ काढू नये, कारण दुसऱ्या वेळी वाटचाल बहुधा लवकर होते. जुनी यादी मात्र जशीच्या तशी वापरू नका. आजारपणानंतर आपल्याला कोणाशी बोलायचे आहे आणि कशासाठी, हे बदललेले असू शकते. नव्या यादीतील पहिला प्रसंग येत्या दोनतीन दिवसांत येणारा असावा, भाकीत आधी लिहिलेले असावे, आणि प्रसंग एकदाच करून थांबू नये. वेगळ्या व्यक्तीसोबत, वेगळ्या ठिकाणी तोच पुन्हा करावा, म्हणजे ‘ती व्यक्ती चांगली होती म्हणून निभावले’ असे म्हणायला मनाला वाव राहत नाही.

कडेकडेने

ठीक आहे. एका जुन्या सहकाऱ्याच्या पत्राला उत्तर द्यायचे राहिले आहे. त्याऐवजी त्याला गुरुवारी संध्याकाळी फोन करतो. भाकीत लिहिले : ‘इतक्या दिवसांनी का फोन केला, असे तो तुटकपणे विचारेल आणि दोन मिनिटांत बोलणे संपवेल.’ काय झाले ते शुक्रवारी इथे लिहीन.